जरी-तरी आणि ऑल्दो

गेल्या श्रावणातली गोष्ट. दुपारचा चहा झाला होता, बाहेर पावसाची झिमझिम चालू होती आणि मी वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवीत बसलो होतो. तेवढ्यात नात शाळेतून आली. तिने दप्तर कोचावर फेकले आणि चाचणी परीक्षेचा इंग्रजीचा पेपर माझ्या पुढ्यात टाकून ती म्हणाली, "आजोबा, सांगा बघू, ह्यात काय चुकलंय? बाईंनी सगळ्या वर्गापुढे वाचून दाखवलं!"

प्रश्न साधा होता. 'ही इज पुअर' आणि 'ही इज ऑनेस्ट' ही दोन वाक्ये 'ऑल्दो' वापरून जोडायची होती. आमच्या नातीने लिहिले होते, 'ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट.' त्यातल्या 'बट'भोवती तांबड्या शाईचे भले मोठे वर्तुळ होते आणि समासात तेवढाच मोठा भोपळा.

"तो जरी गरीब असला, तरी प्रामाणिक आहे," नात तावातावाने म्हणाली, "जरीचं 'ऑल्दो' झालं, मग 'तरी'चं काय करायचं? तो गेला कुठे?"

प्रश्न रास्त होता. स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "झालं! आता दिवेलागणीपर्यंत ह्यांचं व्याख्यान. बाळ, आधी दूध पिऊन घे." व्याख्यान मी दिलेच. चाळीस वर्षे मी फोर्टातल्या एका पेढीत इंग्रजी पत्रे लिहिली. एवढा अधिकार मला कोणीही देईल. पण बोलता बोलता मला 1964 सालचे एक पत्र आठवले, आणि मी मध्येच थांबलो. त्या पत्राकडे मी येणारच आहे. आधी नातीचा हरवलेला 'तरी' शोधू.

आपल्या मराठीत दोन वाक्ये जोडायची म्हणजे दाराला कडी आणि कोयंडा दोन्ही लागतात. 'जर' म्हटले की 'तर' आलाच. जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, जसा-तसा, जोपर्यंत-तोपर्यंत. 'ज'ने हाक मारायची आणि 'त'ने ओ द्यायची. लहानपणापासून आपला कान ह्या जोडीला असा सरावलेला असतो की नुसते 'जेव्हा' ऐकले आणि पुढे 'तेव्हा' आले नाही, तर जिन्याची शेवटची पायरी नसल्यासारखा पाय अधांतरी पडतो. इंग्रजीचे तसे नाही. तिथे बहुतेक ठिकाणी एकच बोल्ट असतो आणि तो एका बाजूनेच बसवतात. 'ऑल्दो' आला की काम झाले. पलीकडच्या वाक्याने गुपचूप येऊन टेकायचे.

"पण 'बट' घातला म्हणून बिघडलं कुठे? अर्थ तर कळतो!" नातीने विचारले.

बिघडते ते असे. 'ऑल्दो' ज्या वाक्याला लागतो, ते वाक्य गौण होते. मग ते स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाही, दुसऱ्याच्या आधाराने राहते. 'बट' मात्र दोन वाक्यांना एका पंक्तीला बसवतो, दोघेही सारख्या मानाचे. तेव्हा एकाच वाक्यात 'ऑल्दो' आणि 'बट' दोन्ही घालणे म्हणजे एकाच माणसाला एकाच पंक्तीत पानावरही बसवायचे आणि वाढायलाही लावायचे. हे तिला पटले. 'दो'च्या जोडीला 'यट' मात्र जुन्या इंग्रजीत सर्रास येत असे, आणि आमच्या मास्तरांनी आम्हाला तो 'यट' घालायलाच शिकवले होते. म्हणजे साहेबालाही एके काळी कोयंडा लागत होता. 'आयदर-ऑर', 'नायदर-नॉर' ह्या जोड्या तर त्याच्याकडे अजून आहेत. 'नो सूनर' आणि 'दॅन' ह्या जोडीवर तर शालान्त परीक्षेच्या पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या आहेत. चाळीस वर्षांच्या पत्रव्यवहारात मला ती जोडी एकदाही लागली नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मग मी तिला एक गंमत करून दाखवली. म्हटले, "आता 'ऑल्दो' उचलून दुसऱ्या वाक्यापुढे ठेव." तिने लिहिले, 'ऑल्दो ही इज ऑनेस्ट, ही इज पुअर.' तिने दोन्ही वाक्ये दोनदा वाचली आणि म्हणाली, "आधीच्यात तो चांगला वाटतो. ह्याच्यात बिचारा वाटतो." शब्द तेच, माणूसही तोच. ज्या वाक्याला 'ऑल्दो' लागला नाही त्यावर भार पडतो, एवढाच फरक. नववीतल्या मुलीला हे माझ्या मदतीशिवाय दिसले, ह्याचा मला फार आनंद झाला. ह्या गोष्टीसाठी मी पुढे पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

दोन वाक्ये जोडणाऱ्या ह्या शब्दांना आपले व्याकरण उभयान्वयी अव्यये म्हणते. नाव जड, पण चोख. दोन्हीकडे अन्वय लावणारे, ते उभयान्वयी. आमच्या पिढीने ही इंग्रजी अव्यये घोकली ती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून आणि रेन आणि मार्टिन ह्या जोडगोळीच्या व्याकरणातून. ह्यांतले रेनसाहेब एके काळी हिंदुस्थानातल्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. पुढे 1924 साली त्यांनी 'बो जेस्ट' ही फ्रेंच परदेशी पलटणीवरची कादंबरी लिहिली आणि ती जगभर गाजली. इकडे आमच्या घरात त्यांचे नाव घेतले की अंगावर काटा येई तो मात्र 'ॲनॅलिसिस' आणि 'सिंथेसिस' ह्या प्रकरणांमुळे!

मराठी मुलाची अडचण नुसत्या जोड्यांचीच नाही. पुष्कळदा आपण वाक्ये जोडायला अव्यय वापरतच नाही. 'सकाळी उठून, आंघोळ करून, देवपूजा आटोपून, चहा घेऊन मी कचेरीत गेलो.' पाच कामे, पण पुरे क्रियापद एकच, अगदी शेवटी. बाकीची सारी 'ऊन'च्या दोरीत ओवलेली. हेच इंग्रजीत करायला बसले की मुलगा एक तर 'अँड, अँड, अँड' करीत मालगाडी जोडतो, नाही तर 'हॅविंग'चा पाढा म्हणतो. दोन्ही कानाला खटकतात. इंग्रजी माणूस तिथे दोन-तीन कामे 'अँड'ने जोडील, एखाद्याला 'आफ्टर' लावील, आणि आंघोळीचा बहुधा उल्लेखच करणार नाही.

'अँड'ची मालगाडी सर्वस्वी त्याज्य आहे असेही नाही. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातली बहुतेक वचने 'अँड'नेच सुरू होतात. मूळ हिब्रूत 'आणि'साठी एकच अक्षर आहे, ते शब्दाच्या डोक्याला चिकटते आणि जागोजाग येते. भाषांतरकारांनी ते इमानाने उतरवले. आमचे मास्तर मात्र 'अँड'ने वाक्य सुरू केले की छडी उगारीत. त्यांना हे सांगण्याची आमची छाती नव्हती, आणि खरे म्हणजे तेव्हा आम्हाला ठाऊकही नव्हते.

आता 'बिकॉज' घ्या. हा दिसायला गरीब, पण आत गाठीचा. 'ही डिड नॉट रिझाइन बिकॉज ही वॉज अफ्रेड.' ह्याचे मराठी काय? 'तो घाबरला होता, म्हणून त्याने राजीनामा दिला नाही,' हा एक अर्थ. 'त्याने राजीनामा दिला, पण तो काही घाबरून नव्हे,' हा दुसरा. पहिल्यात गृहस्थ अजून खुर्चीवर आहेत आणि भित्रे आहेत. दुसऱ्यात ते घरी बसले आहेत आणि बाणेदार आहेत! इंग्रजीत ही दोन्ही माणसे एकाच वाक्यात राहतात. 'बिकॉज'च्या आधी स्वल्पविराम दिला तर पहिला अर्थ पक्का होतो. मराठीत असा घोटाळा होत नाही, कारण तिथे दोन अर्थांची दोन निराळी वाक्ये करावीच लागतात. आपल्या कडी-कोयंड्याला हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

'अँड'सारखा शेंबडा शब्दही माणसाला तुरुंगात अडकवू शकतो. अमेरिकेत 2018 साली 'फर्स्ट स्टेप ॲक्ट' नावाचा कायदा झाला. अमली पदार्थांच्या काही गुन्ह्यांत किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा देण्याची मुभा न्यायाधीशाला असते. ती कोणाला लागू, ह्याची अट त्या कायद्याने बदलली. पूर्वीच्या गुन्ह्यांबद्दलच्या तीन बाबी आरोपीच्या नावावर 'नसाव्यात', असे म्हणून त्या तिन्ही 'अँड'ने जोडल्या. आता तिन्ही एकदम नसाव्यात, की तिन्हींपैकी एकही नसावी? आपल्याकडे म्हटले की 'ज्याच्याकडे गाडी, बंगला आणि शेती नाही त्याला सवलत,' तर नुसती गाडी असलेल्याने अर्ज करावा की करू नये? हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 15 मार्च 2024 रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला: एकही बाब असली तरी सवलत नाही. नऊ न्यायमूर्तींचे 'आणि'च्या अर्थावर एकमत होऊ शकले नाही, तर आमच्या नातीने 'बट'पायी भोपळा घेतला ह्यात नवल ते काय?

पण मला स्वतःला ज्याने शिकवले तो शब्द 'अंटिल'. आता त्या पत्राकडे येतो.

1964 साली मी वीस वर्षांचा होतो. फोर्टातल्या एका निर्यातीच्या पेढीत पत्रव्यवहार खात्यात लागून सात-आठ महिने झाले होते. पगार एकशे चाळीस रुपये. आमचे हेडक्लार्क पन्नाशीचे होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा. प्रत्येक पत्र सहीपूर्वी ओठांतल्या ओठांत वाचायची त्यांची सवय होती. माझ्या इंग्रजीवर त्यांचा विश्वास होता. मला मॅट्रिकला इंग्रजीत बरे मार्क होते, आणि ते मी त्यांना पहिल्याच दिवशी ऐकवले होते.

आमच्या पेढीने मोंबासाच्या एका नव्या व्यापाऱ्याला सुती कापडाच्या गाठी पाठवल्या होत्या. माल बोटीने जायचा आणि मालाचे कागद बँकेमार्फत. व्यापाऱ्याने तिकडच्या बँकेत पैसे भरायचे, मग बँकेने त्याला कागद द्यायचे, आणि ते कागद दाखवून त्याने गोदीतून माल सोडवायचा. अशी ती रीत. बँकेचा छापील फॉर्म होताच. पण गिऱ्हाईक नवे, म्हणून साहेबांनी सांगितले की सोबत एक खास पत्र जोडा. तो मसुदा मी केला. त्यातले मुख्य वाक्य मला अजून पाठ आहे: 'प्लीज डू नॉट डिलिव्हर द डॉक्युमेंट्स टु द बायर अंटिल ही डज नॉट पे.'

तो पैसे देत नाही, तोपर्यंत कागद देऊ नका. मराठीत हे वाक्य कसे अगदी काट्यावर तोललेले आहे! वाचकांपैकी निम्म्यांना ह्यात काय चुकले हे पटकन दिसणार नाही, म्हणून सांगतो. आपल्या 'जोपर्यंत'ला 'नाही' लागते, कारण आपण मधला सारा काळ डोळ्यांपुढे आणतो, आणि त्या काळात पैसे दिलेले नसतात. इंग्रजी 'अंटिल' त्या काळाचे टोक दाखवतो, ज्या क्षणी गोष्ट बदलते तो क्षण. म्हणून 'अंटिल ही पेज' एवढेच हवे. माझ्या वाक्याचा शब्दशः अर्थ झाला, 'तो पैसे न देण्याच्या क्षणापर्यंत कागद देऊ नका.' म्हणजे त्याने नकार दिला की खुशाल द्या! 'अनलेस'चीही हीच तऱ्हा. त्याच्या पोटात 'नाही' आधीच असते, आणि आपण बाहेरून आणखी एक घालतो.

शनिवार होता, अर्धा दिवस. पत्र बँकेत लवकर पोचवायचे होते, शिपाई दारात उभा होता. हेडक्लार्कांनी नेहमीप्रमाणे पत्र वाचले. वाचले, पण मनातल्या मनात मराठीत वाचले असावे, कारण त्यांनाही काही खटकले नाही. त्यांनी सही केली.

बँकेतले अधिकारी इंग्रज होते. त्यांनी कागद पुढे धाडले नाहीत. आमचेच पत्र परत आले. समासात पेन्सिलीने एक ओळ होती, तिचा आशय असा की गिऱ्हाइकाने पैसे नाकारल्यावर त्याला कागद द्यावेत अशी आपली खरोखर इच्छा आहे काय? त्या ओळीत थट्टा होती की खरी शंका, हे मला आजवर उमगलेले नाही. दुर्दैवाने साहेब त्या आठवड्यात दौऱ्यावर होते आणि ते पत्र त्यांच्याच नावाचे, म्हणून चार दिवस त्यांच्या टेबलावर पडून राहिले. तोवर बोट मोंबासाला लागली. कागद नाहीत म्हणून गाठी गोदीत पडल्या आणि डेमरेज चढू लागले. व्यापाऱ्याने ते आमच्या बिलातून कापून घेतले. तीनशे चाळीस रुपये. माझा जवळजवळ अडीच महिन्यांचा पगार.

साहेब परत आले आणि हेडक्लार्कांना मेमो मिळाला: चोवीस तासांत लेखी खुलासा द्यावा. कचेरीत ही बातमी चहाच्या आधी पसरली. मी अजून कायम झालो नव्हतो. घरी वडील पेन्शनीत, पाठच्या दोन बहिणी शिकत होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. हेडक्लार्कांनी एवढेच लिहिले असते की मसुदा नव्या पोराचा होता, तर ते खोटे ठरले नसते आणि माझी नोकरी राहिली नसती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावले. ते रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "अंटिलच्या पोटात 'नाही' असतंच रे. वरून आणखी घालायचं नसतं." आणि एक पेन्सिलीने लिहिलेला कागद माझ्या हाती देऊन म्हणाले, "हे टाइप करून आण. दोन कार्बन लाव."

तो त्यांचा खुलासा होता. टाइपरायटरवर कागद चढवताना मी वाचू लागलो. वरची ओळ त्यांनी खोडली होती, पण खोडलेले वाचता येत होते: 'ऑल्दो आय साइन्ड द लेटर, इट वॉज ड्राफ्टेड बाय अ ज्युनिअर.' त्याखाली पुन्हा लिहिले होते: 'ऑल्दो द लेटर वॉज ड्राफ्टेड बाय अ ज्युनिअर, आय साइन्ड इट.'

मी दुसरी ओळ टाइप केली. हात कापत होते, तीनदा कागद बदलावा लागला. त्यांनी सही केली आणि तो साहेबांकडे गेला. त्या वर्षीची त्यांची वेतनवाढ रोखली गेली. मी पुढल्या जानेवारीत कायम झालो. ते 1971 साली निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात इंग्रजीत मानपत्र वाचण्याचे काम माझ्याकडे होते. त्याचा मसुदाही मीच केला होता, आणि त्यातले प्रत्येक अव्यय मी दहा वेळा तपासले होते. त्या खुलाशाविषयी मात्र सात वर्षांत मी त्यांच्यापाशी एक शब्द काढला नाही, आणि त्यांनीही नाही.

टाइप झाल्यावर तो पेन्सिलीचा कागद टोपलीत टाकायचा होता. मी तो टाकला नाही. तर्खडकरांच्या तिसऱ्या भागात घालून ठेवला आणि घरे बदलली तसा तो पुस्तकाबरोबर गिरगावातून डोंबिवलीला आला.

परवा नातीला तो काढून दाखवला. घडीवर विरला आहे, पण दोन्ही ओळी लागतात. तिने आधी खोडलेली ओळ वाचली, मग खालची वाचली, मग पुन्हा वरची. आपल्या पेपरातले ते गरीब आणि प्रामाणिक माणसाचे वाक्य तिला आठवले असावे, कारण दोन्ही 'ऑल्दों'वर तिने एकेक बोट ठेवले होते.

"आजोबा," तिने हळूच विचारले, "हा ज्युनिअर म्हणजे तुम्ही?"

मी म्हटले, "हो."